कागद मात्र पक्का

…म्हणजे विम्याचा कागदच नव्हता, असं समजू नका हं! होता! प्लास्टिकच्या पिशवीत, घडी न मोडता! तुम्हाला सांगतो, हा विनेश बावीस वर्षं रंगकामाचे ठेके घेतोय, नागावपासून श्रीवर्धनपर्यंत कुणालाही विचारा. पण हल्ली हे नवीन निघालंय. मोठा ठेकेदार आपल्याला काम देतो आणि वर विचारतो, 'विनेशशेट, तुमच्या माणसांचा विमा?' आणि नुसता विमा नाही, नावांची यादी पाहिजे, वय पाहिजे, घरचा फोन पाहिजे… दिली की! आठ नावं, खाली शिक्का. कागद पक्का!

आता या आठातला एक कैस. आगरदांड्याचा, सव्वीस वर्षांचा, चपळ पोरगा. तो गेला दुबईला. त्याच्या जागी आला रघू. रघू म्हणजे माझा पहिल्यापासूनचा माणूस, पण भातलावणीला गावी गेला होता म्हणून यादीतून त्याचं नाव राहून गेलं. विम्याच्या एजंटला एक फोन केला असता तर नाव बदललं असतं. एक फोन! पण आज करू, उद्या करू… आणि मुरूडच्या रिसॉर्टच्या गेटवर सेफ्टीवाली रुचिका मॅडम यादी घेऊन उभी! मी हळूच रघूला म्हटलं, 'आजच्या दिवस तू कैस.' तो म्हणाला, 'बरं शेट.' बरं शेट! अहो, माणसानं विचारावं तरी, का म्हणून!

मॅडम यादीत बघते, रघूकडे बघते. चोपन्न वर्षांचा माणूस, पुढचे दोन दात गायब, कपाळाला गंध. 'कैस? वय सव्वीस?' रघू म्हणतो, 'उन्हात काम केलंय, मॅडम.' सगळे हसले. मीही हसलो. आज आठवलं की कानशिलं तापतात.

आजच्या दिवस, आजच्या दिवस म्हणता म्हणता तीन आठवडे गेले! चौथ्या सोमवारी परांचीची फळी सटकली आणि रघू खाली. मांडी मोडली हो.

हॉस्पिटलात नेला, मॅडमही बरोबर आली. डॉक्टर म्हणाले, 'लगेच ऑपरेशन करायचंय, नातेवाइकाची सही पाहिजे. पेशंटचं नाव?' मी तोंड उघडायच्या आत रघू कण्हत कण्हत, 'कैस.' जीव चाललाय, पण कागद मात्र पक्का!

तेवढ्यात मनुबाई आली, रघूची बायको, शेतातून तशीच, चिखलाच्या पायांनी. 'माझा माणूस कुठं हाय? रघू?' मॅडम म्हणाली, 'इथे रघू कुणी नाही.' मनुबाईनं बोट दाखवलं, 'ह्यो काय ह्यो!' सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि मी… काय सांगू तुम्हाला… मी म्हटलं, 'बाई जरा गोंधळल्यात.' तिच्या तोंडावर! जिच्या हातचा चहा बावीस वर्षं पितोय, तिला! आणि आमचा शहाणा रघू भिंतीकडे मान वळवून म्हणतो, 'मी न्हाय वळखत या बाईला.' मनुबाईनं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मटकन खाली बसली आणि माझ्याकडे नुसती बघत राहिली.

मग सही करणार कोण? मॅडमनं यादीतल्या नंबरावर फोन लावला, कैसच्या आईला, मुनिराबीला. पोरगा तिकडे ड्यूटीवर, फोन उचलेना, तिला वाटलं न सांगता परत आला आणि पडला! आली बिचारी रिक्षा करून, रडत. खाटेपाशी आली, चादर बाजूला केली. आता तरी रघूनं गप्प पडावं की नाही? तर म्हणतो, 'अम्मी!'

'या अल्ला,' मुनिराबी म्हणाली, 'ह्यो तर माझ्यापेक्षा मोठा हाय!'

हसलात ना? हसा. तिथे कुणी हसलं नाही. मुनिराबीनं एकदा रघूकडे बघितलं, एकदा खाली बसलेल्या मनुबाईकडे, आणि मला म्हणाली, 'सही हिनं करायची हाय, व्हय ना रे?' तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. म्हटलं, 'व्हय. हा रघू. खोटं मी बोलायला लावलं.' मनुबाईनं अंगठा उठवला, ऑपरेशन झालं. खर्च माझ्यावर, काम हातचं गेलं, त्याचं काही नाही हो, जायलाच पाहिजे होतं. पण मनुबाईचं ते बघणं जात नाही.

रघू हॉस्पिटलात होता तोवर मुनिराबी रोज डबा घेऊन यायची. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. म्हणायची, 'अम्मी म्हणाला ना एकदा.'

आता सहा महिन्यांनी रघू कामावर आलाय. नवं काम, नवं गेट, नवी यादी. पहिलं नाव रघूचं! मनुबाईला वाचता येत नाही, पण तिनं नावाखाली बोट ठेवायला लावून माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मी वाचलं, शाळेतल्या पोरासारखं. आता खरंच कागद पक्का! आणि गेटवर पोचलो तर रघू माझ्या कानाशी येतो, 'शेट, आज मी कोण?'

म्हटलं, 'तूच रे बाबा! रघू!'

तर तोंड पाडून म्हणतो, 'रघूच व्हय… कैस होतो तवा डबा तरी यायचा.'

 ही माझ्या हातातली पिशवी बघताय ना? तोच डबा, मुनिराबीच्या हातचा. रोज नेतो. चला, निघतो… कालवण गार झालं की तो काही बोलत नाही, नुसतं 'बरं शेट' म्हणतो.