गोजराच्या हिरड्या

मंडळी, आज देवासमोर एक साधंच विचारते — जीव लावला, की काम झालं का? ज्याला जीव लावला त्याला काय दुखतंय, हे बघायला शेजारीण येणार?

ऐका! एका गावात येसूबाई नावाची सासू. जिभेची तिखट, पण गोजरा सून म्हणजे तिचा प्राण! पहिल्या खेपेला गोजराचं बाळ फार लवकर आलं — मूठभर! राहिलं नाही. आता पुन्हा दिवस राहिलेले. येसूबाई सुनेला अंगणही झाडू देईना!

एकदा गोजरा म्हणाली, "आत्या, ब्रश लावला की हिरड्यांतून रक्त येतंय."

"मग लावूच नको! मागल्या खेपेसारखी माझी मशेरी चोळ. अन् पोटुशा बाईनं दाताच्या डॉक्टरकडं जायचं नसतं. बाळाला सोसत नाही."

आणि रोज सकाळी, मंडळी, तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजायची, कुटायची, नि आपल्या हातानं सुनेच्या तळहातावर ठेवायची. मायेनं हो! — त्या खांबाजवळच्या आजी, डबी लपवू नका, देवानं बघितली!

डोहाळजेवण आलं. हिरवी साडी, फुलांचे दागिने. येसूबाईनं पेढा भरवला. गोजरानं अर्धा चावला — उरलेला अर्धा लाल! अहो, पेढा! पेढ्याला कुठं दात लागतात?

गाणी थांबली. येसूबाईनं सुनेची हनुवटी धरली. "आ कर."

हिरड्या सुजून जांभळ्या झालेल्या!

"एवढं झालं, तरी बोलली नाहीस?"

"तुम्ही घाबरला असता, आत्या."

दुसऱ्याच दिवशी दोघी तालुक्याला. दाताच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दिवसांत हिरड्या हुळहुळ्या होतातच. पण घासणं सोडलं, की कीटण साचतं, जंतू माजतात. अशा आयांची बाळं लवकर, कमी वजनाची जन्मलेली जास्त दिसतात. तंबाखू तर बाळाचं वजन खातेच. आता साफ करू. गरोदरपणात ते चालतं."

येसूबाईनं विचारलं, "मग... आमचं पहिलं माझ्या हातानं गेलं का?"

साफ करायला गोजराच्या तोंडात कापूस भरलेला! बोलणार कशी? तिनं सासूचा हात ओढला, पोटावर ठेवला. आतून बाळ ढुशी देत होतं.

डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "तसं कुणालाच सांगता यायचं नाही, मावशी. मशेरी मात्र आज सोडा. दोघींनी!"

सोडली! म्हातारी महिनाभर चिडचिडली, भांडी आदळली. पण सकाळी सुनेशेजारी बसून मऊ ब्रश फिरवायची. "हळू घास गं. पण घास!"

दिवस भरून लेक झाली. अंगानं भरलेली. रडली अशी, की येसूबाई हसता हसता रडायला लागली.

दात साफ केले म्हणून बाळ वाचलं, असं मी म्हणणार नाही. बाळ का राहतं, का जातं, सगळं माणसाला कळत नाही. पण कळतं तेवढं तरी करायचं ना?

आता घरी जाल. पोटुशी लेक, सून जेवायला बसेल. वाढा, आग्रह करा — आणि ती एकाच बाजूनं चावते का, तेही बघा! पुरुषमंडळी, माना खाली कशाला घालता? गाडी तुम्हीच काढायची आहे! ती म्हणेल, "काही नाही हो, एवढंसं रक्त." तिच्या पाठीवरून हात फिरवा, आणि एवढंच म्हणा — चल, मी येते तुझ्याबरोबर.