पाच सायकली आन् दोनशे मेंढरं

चनबसप्पा : मेंढरं राखायला काय अक्कल लागती, केराबाई? माझ्या दुकानातनं रोज चाळीस सायकली भाड्यानं जात्यात. एक हरवली न्हाय आजवर.

केराबाई : सायकल पाला बघून पळती व्हय, आप्पा?

धुळा : आये, जाऊ दे की. सायकल क्लबानं रविवारच्या फेरीला आमा पाच पोरांसाठी आप्पांच्या दुकानातल्या पाच सायकली काढून ठेवल्यात. उद्या न्हाय गेलो तर वकिलांची पोरं नेणार.

केराबाई : नेऊ देत. तुला पाय न्हाईत?

चनबसप्पा : असं कसं? क्लबात भांडलोय मी. फेरी गावाची म्हंता, मग धनगराची पोरं कुटं हायत? उद्या आली न्हाईत तर परत कोण इचारतंय त्यास्नी!

केराबाई : आन् मेंढरांमागं कोण?

चनबसप्पा : मी! द्या ती काठी. घोंगडं द्या.

केराबाई : उलटं घेतलंय.

धुळा : जाऊ न्हवं, आये?

केराबाई : जा. पर एक मेंढरू कमी भरलं तर त्या लोखंडाला परत हात लावायचा न्हाय.

(दुसऱ्या दिवशी, दुपारी, माळावर.)

केराबाई : आप्पा, लिंबावर काय करताय?

चनबसप्पा : मेंढरं दिसत्यात का बघतोय.

केराबाई : शिवशिव! समदी गेली?

चनबसप्पा : फेरी हितनंच गेली की. पोरांनी मला बघून पाची घंट्या वाजवल्या. झालं! एडका उठला, त्याच्यामागं समदी.

केराबाई : उठणारच. घंटा वाजली की चालायचं, एवढंच त्यास्नी ठावं. तुमी आडवं न्हाय झाला?

चनबसप्पा : झालो की. एडक्यानंच केलं.

केराबाई : ह्यो बघा, आला धुळा. चालत आलाय. मेंढरं रं?

धुळा : खाली वड्याला हायत. दोनशेच्या दोनशे. भवानी पेठेपातुर रांगेत आली, आये. वकिलाचं पोरगं दोनदा पडलं, मेंढरू एक न्हाय पडलं.

केराबाई : एकबी कमी न्हाय?

धुळा : दोनदा मोजली.

केराबाई : मग... जा बाबा फुडच्या रविवारी.

चनबसप्पा : बघा! म्हनलं न्हवतं? आन् धुळा, सायकली रं?

धुळा : पेठेत गर्दी झाली, तवा शिपायानं समद्यांनाच कोंडवाड्यात घातलं. मेंढरं सोडली. सायकली न्हाय सोडल्या.

चनबसप्पा : का म्हनून?

धुळा : म्हनला, कळपाच्या म्होरं ह्याच व्हत्या. कडबा टाकलाय त्यांच्याफुडं.