पोरीचा पहिला तास

विद्यापीठाच्या गणित विभागाबाहेर ग्रंथपालबाई एका सहीसाठी ताटकळत बसल्या होत्या. बाकावर शेजारीच गळ्यातली टेप काढायला विसरलेला एक शिंपी आणि त्याची मुलगी बसली होती.

"बाबा, मी ही असिस्टंटशिप सोडते. नुसती पीएचडी करते."

"अगं, एवढी मिळालेली सोडतात का? तासभर शिकवायचं तर आहे."

"समोर साठ मुलं असतील. माझं ततपप झालं की हसतील."

"लहानपणी मला पाढे शिकवायचीस, तेव्हाही अडखळायचीसच की."

"तेव्हा तुम्ही थांबायचात. माझा शब्द पुरा होईपर्यंत मशीनसुद्धा बंद ठेवायचात."

"मग ही पोरंही थांबतील."

"नाही थांबली तर?"

"तर तू थांब. दम खा, पाणी पी, मग बोल. घाई कुणाला आहे?"

घंटा झाली.

"ऊठ बाळा. मी इथेच बसतो."

"नको. आत चला."

"मी? सातवी नापास माणूस?"

"मग तर पहिल्याच बाकावर बसा."

सही झालेला कागद हातात आला, तरी ग्रंथपालबाई उठल्या नाहीत. वर्गातून मुलीचा आवाज ऐकू येत होता. एकदा तो अडखळला. सगळा वर्ग शांत होता. मग तिचा आवाज पुन्हा सुरू झाला.