राखणीची बाटली

(सकाळी, सूर्यमाळच्या एसटी थांब्यावर.)

रविना : फागीआत्या, ते पोतं जरा सरकव ना. माझे कागद चुरगळतायत.

आत्या : सरकवते. पण तुझ्या कागदात तेल न् माझ्या पोत्यात खुरासणीचं बी, मोखाड्याच्या घाण्यावर तेल काढायला. दोघी एकाच कामाला निघालो म्हण की.

रविना : माझं तेल वेगळं. कच्चं तेल.

आत्या : कच्चं कशाला आणायचं? घाण्यावरून नीट काढून आणावं.

रविना : अगं, जमिनीतलं! पेट्रोल, डिझेल त्यातूनच निघतं. देशाला ते बाहेरून आणावं लागतं. ते कितपत भरवशाचं, हे आज जव्हारच्या कॉलेजात उभं राहून सांगायचंय. मागच्या वेळी सर म्हणाले, वाचू नकोस, तुझ्या शब्दांत सांग. माझी दातखीळच बसली. आज नाही जमलं, तर जिल्ह्याच्या स्पर्धेला दुसरं कुणी जाईल.

आत्या : हात्तिच्या! बाहेरून आणता किती?

रविना : शंभरातलं पंच्याऐंशीच्या वर.

आत्या : बया! न् देतं कोण? एकच घर का चार?

रविना : घरं बरीच. पण पुष्कळ जहाजं एकाच चिंचोळ्या समुद्रातून येतात. तिथं भांडण लागलं की अडकली.

आत्या : आपला घाट तसाच. दरड आली का एसटी बंद. दुसरी वाट हाय?

रविना : आहे. लांबची, महागाची.

आत्या : न् घरात किती दिवसांचं?

रविना : खडकाखाली मोठाले साठे केलेत. सामरिक साठा म्हणतात त्याला.

आत्या : नाव उगाच मोठं केलं. ती राखणीची बाटली.

रविना : आढ्याला टांगलेली? तिला हात लावला म्हणून मी लहानपणी मार खाल्लाय!

आत्या : खाणारच. नव्या खुरासणीचं पहिलं तेल तिच्यात. सणालाही काढायचं नाय. पावसात ओहोळ भरला, वाट बंद झाली, न् कुणाची बाय बाळंत झाली, तवाच.

रविना : थांब, थांब. घरं किती, वाटा किती, बाटली भरलेली का...

आत्या : न् फोडणीला कमी घालून भागतं का, तेही सांग. एसटी आली बघ. पोत्याला हात लाव!

(संध्याकाळी, सूर्यमाळला परतणाऱ्या एसटीत. मोखाड्याला चढलेल्या आत्याच्या मांडीवर तेलाचा डबा.)

आत्या : बोल की! परत दातखीळ बसली का?

रविना : कागद काढलाच नाही! सरांनी विचारलं, सामरिक साठा म्हणजे काय? माझ्या तोंडून निघून गेलं, राखणीची बाटली. सगळा वर्ग खो खो हसला.

आत्या : अरे देवा. मंग?

रविना : मग सरांनी ते फळ्यावर लिहिलं! जिल्ह्याला मीच जाणार, आत्या!

आत्या : आपली बाटली फळ्यावर! बरं झालं पोरी, फार बरं झालं.

रविना : मी ठणकावून सांगितलं, सर, आमच्या घरी ती आजही भरलेली आहे. काय गं? हसतेस काय अशी?

आत्या : ती श्रावणातच रिकामी झाली. तवा तू होस्टेलात होतीस. शेजारच्या चैतीला पोरगी झाली, न् ओहोळ तुडुंब. चोळायला न् जेवणाला सगळी गेली. धुरानं काळी पडलीय, म्हणून आतलं दिसत नाय.

रविना : म्हणजे मी भर वर्गात खोटं बोलले!

आत्या : घरी पोचेपर्यंतच खोटं. हा डबा कशाला आणलाय?

रविना : अन् मी म्हटलं, आज झणझणीत फोडणीची भाजी खायची.

आत्या : आज नुसती उकडून खाऊ. आधी बाटली.

रविना : बरं. नरसाळं मी धरते.