निळा दोरा, हिरवा दोरा

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांच्या अंगठ्याच्या नखाखाली ग्रीसची बारीक काळी रेघ होती. त्यांची मुलगी त्यांना समजावत होती.

“बाबा, ती जुनी गाडी सुटी सुटी विकली तर लवकर जाईल. इंजिन एकाला, दारं दुसऱ्याला.”

“म्हणजे जिवंतपणी माझ्याच वाटण्या!”

“मग अख्खी विका. पण अर्धवट गाडी घेणार कोण?”

“अर्धवट कुठे? फक्त जोडायची राहिलीय.”

“आई म्हणायचीच, सवत आली तीही चाकांशिवाय.”

“तुझ्या आईच्याच शिवणकामाचा दोरा बांधलाय प्रत्येक बोल्टला. निळा डावीकडचा, हिरवा उजवीकडचा.”

“मग बसवत का नाही?”

“काल दोन्ही सारखेच दिसले.”

“डॉक्टरांना सांगितलंत?”

“सांगितलं. आहे तेवढी नजर जपा, म्हणाले.”

तिने त्यांची फाइल मिटून पिशवीत ठेवली. आजोबा म्हणाले,

“विकू. अख्खीच. घेणाऱ्याला रंग तेवढे तू दाखव.”