स्वयंपाकघरातली नवी बाई

शकुबाई : त्या बाईचं तोंड बंद करा साहेब, नायतर मी तिच्यावर बादली वतते. मग म्हनू नका, सांगितलं नाय.

सुनील : कुठली बाई? डॉक्टरांच्या घराचं हे म्युझियम आज बंद आहे शकुबाई. आत कोणीच नाहीये.

शकुबाई : स्वयंपाकघरातली. भिंतीवरच्या डबीतली. मी फरशी पुसाया गेले तर म्हनती, "नमस्कार! डॉक्टरांच्या स्वयंपाकघरात आपलं सहर्ष स्वागत आहे." मागं सरले, परत स्वागत. बादली उचलली, परत स्वागत. अगं बाई, मी काय वऱ्हाडात आलीय का?

सुनील : सेन्सर आहे तो. समोरून कोणी गेलं की वाजतो. आधीचाही तसाच वाजायचा. आणि प्लीज, आज हे नको. उद्या संक्रांत. दोन शाळा येणार आहेत पतंग उडवायला. येवल्याहून मागवलेले पतंग अजून एसटीत आहेत की कुठे, देव जाणे. गच्चीची किल्ली सापडत नाही. आणि डॉक्टरांच्या तपासायच्या टेबलावर कुणीतरी तिळाच्या लाडवांचा डबा ठेवलाय, त्याला मुंग्या लागल्यात!

शकुबाई : डबा पायलताईंनी ठिवला. फोटो काढायचा व्हता म्हने. किल्ली तुमच्या शर्टाच्या खिशात हाय.

सुनील : ही नाही, ही कपाटाची... हं. हीच आहे.

शकुबाई : आता माझं ऐका. जुनी बाई परत लावा.

सुनील : कोण जुनी बाई?

शकुबाई : माझी सासू.

सुनील : शकुबाई, थट्टा करताय का माझी? मी इथं रुजू झालो त्या दिवसापासून तुम्ही माझ्या मागे लागलाय, तो आवाज बंद करा म्हणून. "सासूनं जितेपणी छळलं, आता भिंतीतून छळती," हे कोण म्हणत होतं?

शकुबाई : मीच म्हनत व्हते.

सुनील : "डोकं उठलं माझं, वायर तोडून टाकीन एक दिवस," हे कोण म्हणत होतं?

शकुबाई : मीच. मग खोटं व्हतं का? झाडू घेऊन आत पाऊल टाकलं की, "कोन ते? चपला घेऊन कुठं चाललास आत? आत्ता पुसलंय मी! पाय धू आधी!" अरे, पुसलंय मी आन् वराडतीस तू! घरी तीस वर्षं ऐकलं, नोकरीला आले तर इथंबी तेच. पगारी सासुरवास नुसता.

सुनील : मग बदलला ना आता! तुमच्यासाठी बदलला!

शकुबाई : माझ्यासाठी? खरं बोला.

सुनील : तुमच्यासाठीपण. म्हणजे, ट्रस्टींकडे एक तक्रारही गेली होती. कॉलेज रोडच्या एक मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, घर बघायला आलो तर कोणीतरी अंगावर ओरडतं, अरे-तुरे करतं. आमचे अध्यक्ष म्हणाले, निदान संक्रांतीत तरी घरानं गोड बोलावं. मग आपलं प्रसिद्धीचं कंत्राट घेतलेल्या पायलनं पुण्याच्या एका बाईंकडून नवीन करून घेतलं. चांगला आवाज आहे. रेडिओवर असतात त्या.

शकुबाई : आवाज ग्वाड हाय, नाय कुठं म्हनते. पन ती या घरातली नाय.

सुनील : तुमच्या सासूबाईंची पाटी आहे ना तिथे. "कुसाबाई, डॉक्टरांच्या घरी अनेक वर्षे स्वयंपाक." मीच लावून घेतली.

शकुबाई : पाटीवर तेवढंच हाय. डॉक्टरांनी तिला चुलीपाशी आनली तवा त्यांच्या सख्ख्या चुलत्यानं इथल्या पान्याला तोंड लावलं नाय. आमच्यातली बाई रांधती म्हनून. एकेक पाव्हना भायेरच्या पायऱ्यांवर बसायचा आन् उठून जायचा. डॉक्टर म्हनले, जायचं त्यानं जावं, चूल कुसाबाईची. तवापासून जी ही वराडाया लागली! कलेक्टर येऊ दे नायतर पेशंट. चपला भायेर, पाय धू आधी. ज्या बाईला लोक उंबऱ्याभायेर उभं करत व्हते, ती लोकांना उंबऱ्यावर अडवायची. आन् तुमच्या मॅडमला वाटलं, अंगावर ओरडती.

सुनील : हे तुम्ही कधी बोलला नाहीत मला.

शकुबाई : मी कशाला बोलू? मला ती बाई आवडत नव्हती.

सुनील : कमाल आहे तुमची.

शकुबाई : आन् त्या रेकॉर्डिंगवाल्यानं तिचं पुरतं ठिवलं पन नाय. मी इथंच उभी व्हते तवा. एवढं वराडून झालं ना, की मग म्हनायची, "बस. च्या टाकते." दर खेपेला. शत्रू असला तरी. तो पोरगा म्हनला, मावशी, लांबतंय. च्या कापला आन् वराडनं तेवढं ठिवलं.

सुनील : बरं. समजलं. पण शकुबाई, आवाज बदलून आठवडा होत आला. परवापर्यंत तर तुम्ही खूश होता. "बरं झालं, कानाला आराम पडला," म्हणालात. आज एकदम काय झालं?

शकुबाई : काय नाय झालं. लावा परत, बस.

सुनील : असं कसं लावा परत? ट्रस्टींना काय सांगू? शकुबाईंना आता सासू आवडायला लागली?

शकुबाई : आमचे हे येत्यात ना संध्याकाळी.

सुनील : पुंजाराम? हो, सातपूरच्या कंपनीतून सुटले की तुम्हाला न्यायला येतात. आत जाऊन स्वयंपाकघराची खिडकी लावतात. किती वेळा सांगितलं त्यांना, राहू द्या, मी लावतो.

शकुबाई : खिडकी मी आधीच लावलेली असती.

सुनील : मग?

शकुबाई : मलाबी वाटायचं, बाप्याला कामाची हौस हाय. गेल्या आठवड्यात सेकंड शिफ्ट व्हती, मी बसनं जायचे. काल आले. आले ते चपला घालून तरातरा आत. मी मागंच व्हते पोतेरं घेऊन, त्यांना दिसले नाय. मुद्दाम चपला घालून जात्यात, साहेब! चपला नसल्या तर आय बोलायची नाय, असं वाटतं त्यांना. मशीनला काय कळतंय चप्पल? आत गेले तर ही बया, "नमस्कार." भायेर आले, परत गेले. "नमस्कार." मग तिथंच उभं राहून चप्पल घासली फरशीवर, चांगला काळा डाग पडंल अशी. कंपनीतलं ऑइल असतं ना तळाला. ती आपली स्वागतच करती.

सुनील : अरे देवा.

शकुबाई : मग मागं वळले. मला बघून म्हनले, "शके, आय कुठं गेली?" श्रावनात तिला जाळून आलो आमी. तवा हा मानूस रडला नाय. लोकं म्हनायची, पुंजाराम लय खंबीर. काल गाडीवर मी मागं बसलेले, पाठ हलत व्हती त्यांची. जेवले नाय. सकाळी डबा तसाच ठिवून गेले. मी काय करू मग? सांगा ना! मी म्हनले, थांबा, मी साहेबांना सांगते, साहेब लावतील. सांगून बसले मी.

सुनील : थांबा. पायलला फोन लावतो. स्पीकरवर टाकतो, तुम्हीही ऐका. हॅलो, पायल?

पायल : हां सर! बॅनर पोचला ना? आणि सेल्फी पॉइंटचा पतंग डॉक्टरांच्या फोटोच्या वरती नका लावू हं, फोटो झाकला जातो.

सुनील : बॅनर सोड. स्वयंपाकघरातला जुना आवाज, तो परत लावायचाय. आजच.

पायल : कुठला, ओरडणाऱ्या आजींचा? सर, तो कशाला? तक्रार होती ना?

सुनील : लावायचाय. फाइल पाठव.

पायल : फाइल... सर, त्या डबीत एकच फाइल बसते. नवीन टाकली की जुनी उडते.

सुनील : कॉपी ठेवली असशील ना?

पायल : आमच्याकडे ती कधी आलीच नव्हती सर. ते आमच्या आधीच्या लोकांनी केलं होतं. मी त्यांना विचारलं होतं एकदा, त्यांचा तो लॅपटॉपच गेला म्हणे.

सुनील : पायल, आधी मला विचारायचं नाही का?

पायल : सर, तुम्हीच म्हणालात, काढून टाक एकदाचं, शकुबाई डोकं खातात माझं!

शकुबाई : हाय मी इथंच. ऐकते.

पायल : ओह. सॉरी हं मावशी. सर, आपण दुसरा आवाज करून घेऊ ना. पुण्याच्या त्या मॅडम गावरानपण छान काढतात. किंवा एआयनं होतं आजकाल. फक्त त्या आजींचा थोडा आवाज लागेल, एखादा व्हिडिओ वगैरे.

शकुबाई : व्हिडिओ नाय. फोन समोर धरला की ती गप बसायची. पदर नीट करायची आन् गप. आमच्याकडं तिचं बोलनं कुठंच नाय. इथंच व्हतं तेवढं.

सुनील : ठेवतो पायल. नंतर बोलू... शकुबाई, कुणा व्हिजिटरच्या मोबाइलमध्ये असेल. ग्रुपवर टाकतो मी.

शकुबाई : शिव्या खाऊन गेलेली मान्सं, त्या कोन घरी घेऊन जाईल?

सुनील : माझं चुकलं. तुम्हाला एकदा विचारायला हवं होतं.

शकुबाई : विचारलं असतं तर मी म्हनले असते, उडवा. मलाच कुठं ठाव व्हतं? आता ते येतील. मी काय तोंड दाखवू?

सुनील : शकुबाई, तुम्हीच बोला ना.

शकुबाई : काय बोलू? सांगते ना, आय गेली परत.

सुनील : तसं नाही. डबीत. तुम्ही बोला, मी रेकॉर्ड करतो. मघाशी तुम्ही त्यांची नक्कल केलीत ना, मी दचकलो क्षणभर. तुमच्याइतकं ते कुणी ऐकलंय?

शकुबाई : मी? तिच्यावानी? साहेब, लगीन झाल्यापासून मी एकच गोष्ट म्हनत आलेय, काय बी झालं तरी या बाईवानी व्हनार नाय. माझ्या सुनेला विचारा, कधी आवाज चढवला का मी.

सुनील : एकदाच. चला आत. डबी बंद करतो. मोबाइल इथं ओट्यावर ठेवला. चालू आहे. हं, बोला.

शकुबाई : कोन ते. चपला घेऊन कुठं चाललात आत. आत्ता पुसलंय मी. पाय धुवा आधी.

सुनील : बातम्या सांगताय. आणि त्या "चाललास" म्हणायच्या.

शकुबाई : माझ्या तोंडात नाय येत तसं. आन् समोर कोन नाय, भिंतीवर कशी वराडू? लाज वाटती.

सुनील : मला समजा समोर. मी चपला घालून आलो.

शकुबाई : तुमच्या पायात बूट हायेत.

सुनील : बूट समजा!

शकुबाई : कोन ते! बूट घेऊन... नाय साहेब. ऱ्हाऊ द्या. तिच्या पोटात जे व्हतं, ते माझ्यात नाय. नुसतं तोंड वाकडं करून काय व्हतंय? सरका, तुमच्या बुटानं परत माती आली. परत पुसते. सकाळपासून या फरशीचं किती व्हायचं ते झालं.

सुनील : पाच वाजत आलेत. तुम्ही पुसा, मी गच्ची बघून येतो.

(सुनील जायला वळतो तेवढ्यात मागच्या दारातून चपलांचा आवाज आत येतो.)

पुंजाराम : शके, निघायचं ना? ती खिडकी तेवढी लावून...

शकुबाई : कोन ते? चपला घेऊन कुठं चाललास आत? आत्ता पुसलंय मी! पाय धू आधी!

सुनील : शकुबाई...

पुंजाराम : काढतो, आय.

सुनील : शकुबाई, मोबाइल चालूच होता. आलं सगळं.

शकुबाई : गप ऱ्हावा साहेब जरा.

पुंजाराम : काढल्या. भायेर ठिवल्या बघ.

शकुबाई : बस. च्या टाकते.