बेडकाचा आवाज : अज्ञात

...आणि वर तो मला विचारतो, ‘पुरावा काय?’ म्हणजे बघा, मी एन्सिओ कार्ना, वय वर्षं एकसष्ट, इथे फिनलंडमध्ये, कुओपिओत एकतीस वर्षं बस चालवतोय, आजवर एका माणसाला चुकीच्या थांब्यावर उतरवलेलं नाही, आणि तिकडे स्वीडनमध्ये उमिओला घरात बसलेला कुणी बेंग्ट मला विचारतो, पुरावा काय! अहो, तो बेडूक माझी बायको होती! याला काय पुरावा देणार माणूस?

हसू नका. नीट सांगतो. कॉफी घ्या आधी, निवतेय.

तर तुम्हाला सांगतो, हा बेंग्ट एक यादी चालवतो. कुठलं जपानी कार्टून युरोपात कुठल्या देशात, कुठल्या भाषेत, कुठल्या साली व्हिडिओ कॅसेटवर आलं, त्याची यादी. कुणी विचारलं नव्हतं त्याला, पण चालवतो. मुखपृष्ठाचा फोटो, कॅसेटवरच्या चिठ्ठीचा फोटो, लांबी किती मिनिटं, साल कुठलं, आवाज कुणाचे... सगळ्याचे रकाने! आणि त्यात एक नोंद आहे ‘दलदलीतले शेजारी’ नावाची. सत्त्याऐंशी सालचं जपानी कार्टून, अठ्ठ्याऐंशीला आमच्याकडे आलं, कुणी बघितलं नाही, कुणाला आठवत नाही, आणि त्यात फिनिश आवृत्तीपुढे लिहिलंय, बेडकाचा आवाज : अज्ञात.

अज्ञात कसली? ओर्वोक्की ती! माझी बायको! तेव्हा ती बालवाडीत शिकवायची, पोरांना गोष्टी सांगताना कोल्ह्याचा, अस्वलाचा आवाज काढायची, ते कुणीतरी ऐकलं आणि एका फर्निचरच्या दुकानाच्या तळघरात आवाज भरायला नेलं तिला. चार माणसं, दोन दिवस, सगळी दलदल त्या चौघांनी बोलायची. वर कुणी कपाट सरकवलं की खाली सगळे गप्प. बेडूक तिच्याकडे, बगळ्याची आजी तिच्याकडे, एक अळंबीसुद्धा तिच्याकडे! पण शेवटी नावं येतात ना पडद्यावर, ती कंपनीने कापून टाकली, टेप वाचवायला. आणि आमच्याकडे ती कॅसेट कधी नव्हतीच. मी म्हणायचो, आणूया गं. ती म्हणायची, ‘कशाला? घरात एक बेडूक पुरे नाही का तुला?’

ती गेली त्याला दोन वर्षं झाली. मार्चमध्ये. रडलो का? नाही. का नाही, ते मला विचारू नका, मलाच कळलेलं नाही. पुढच्या सोमवारी बस काढली. लोक चढले, लोक उतरले. घरी आलो की दोन कप काढायचो, एक परत ठेवायचो. बस्स. मग एक दिवस ती यादी दिसली आणि तो शब्द दिसला, अज्ञात. तो मात्र बघवेना. तेव्हा म्हटलं, बाकी काही नाही हो. मला काय, नुसती नोंद पूर्ण करायचीये.

आता तुम्ही म्हणाल, मग घे की विकत कॅसेट! वा! इतकं सोपं असतं तर बेंग्टसारखी माणसं जन्मालाच आली नसती! चार देशांना मिळून त्या लोकांनी मुखपृष्ठ छापलं एकच. त्यावर नाव चार भाषांत. फिनिश, स्वीडिश, नॉर्वेजियन, डॅनिश. आणि आत टेप कुठल्या भाषेची? ते लावून बघितल्याशिवाय देवालाही कळणार नाही! पहिली मागवली ओडेन्सेहून. जुनं व्हिडिओ यंत्र पुसून त्यात घातली, हात गुडघ्यावर ठेवून बसलो, बेडूक आला, तोंड उघडलं... डॅनिश! दुसरी, नॉर्वेजियन. तिसरी, नॉर्वेजियन. चौथी एकाने फिनिश म्हणून शपथेवर पाठवली, नॉर्वेजियन! सव्वा वर्षात माझ्याकडे सहा नॉर्वेजियन, दोन डॅनिश, एक स्वीडिश जमल्या. नॉर्वेत एवढे बेडूक बघणारे लोक होते कुठून?

मुलगी, तुइरे, रविवारी येते. ती बघते कपाटाकडे आणि म्हणते, ‘बाबा, आईचा आवाजच ऐकायचाय ना? माझ्या फोनमध्ये आहे की. हॉस्पिटलमधला व्हिडिओ. लावू?’

मी म्हटलं, नको.

‘अहो, अर्ध्या मिनिटाचा आहे.’

म्हटलं, आवाज कुणाला ऐकायचाय? मला काय, नुसती नोंद पूर्ण करायचीये.

ती उठली. भांडी घासून गेली. घासलेलीच होती, तरी घासली.

मग ईसाल्मीच्या जुन्या बाजारातून फोन आला. आमच्याकडे असतं ना, आठवडाभर टेबल भाड्याने घ्यायचं आणि आपली अडगळ मांडून निघून जायचं, तशा एका टेबलावर कुणी इंपीबाईंनी कॅसेटी मांडल्यात म्हणे. गेलो. टेबलावर नव्हती ती! चिठ्ठीवरच्या नंबरवर फोन करून बाईंच्या घरी गेलो. वय चौऱ्याऐंशी. त्यांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत बघितलं, म्हणाल्या, ‘बूट काढा.’ काढले. कॉफी दिली, वेलचीचा पाव दिला, आणि मग वीस मिनिटं आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो. छान बसलो. मग म्हणाल्या, ‘बेडूकवाली ना? ती घरी ठेवली. नातवंडांची आवडती होती. पण तीवर आमच्या यांनी स्कीची शर्यत घेतलीये.’

माझ्या हातातला पाव तिथेच राहिला!

तुम्हाला सांगतो, विकतच्या कॅसेटवर दुसरं काही उतरू नये म्हणून पाठीला एक खाच असते. पण त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की काहीही उतरवता येतं. आणि या देशात शर्यत सुरू झाली आणि कोरी कॅसेट सापडली नाही, तर नवरा माणूस पहिली धाव कुठे घेतो? चिकटपट्टीकडे! जगात दुसरं कुणी असलं काही करेल? लग्नाची कॅसेट जाते लोकांची, बारशाची जाते!

मी विचारलं, सगळी गेली का हो? बाई म्हणाल्या, ‘नाही, शेवट राहिलाय. आपला माणूस मागे पडला की हे बंदच करायचे. बघवायचं नाही त्यांना.’

घरी आणली. पुढे पळवायची सोय नाही, टेप पस्तीस वर्षांची, ताण पडला तर तुटायची. म्हणून सुरुवातीपासून लावली. सात मिनिटं दलदल, त्यात बेडूक नाहीच. मग एकदम बर्फ! पन्नास किलोमीटरची शर्यत! आणि तो समालोचक, ‘चढ आलाय... चढावर आहे... अजून चढावरच आहे...’ चाळीस मिनिटं बघितली. काय करणार? गुंतलोही थोडा, खोटं कशाला बोलू. आपला माणूस दुसरा होता, तिसरा झाला, मग त्याची काठी मोडली, समालोचक म्हणाला, ‘अरेरे—’ आणि खट्! दलदल!

काठी मोडली म्हणून माझी बायको वाचली.

शेवटची चार मिनिटं होती. सगळे शेजारी चिखलात भांडतायत, आणि बेडूक येतो दगडावर, कमरेवर हात ठेवतो आणि म्हणतो, ‘पुरे आता. चला घरी.’

बस्स. तेवढंच.

मी तसाच बसून राहिलो. टेप संपली, पडदा निळा झाला, तरी बसून राहिलो. काही वाटलं का? काय वाटलं ते सांगता येत नाही. कॉफी गार झाली होती, तीच प्यायलो.

मग बेंग्टला सगळं पाठवलं. फोटो, लांबी, आवाजाचा तुकडा, नाव. त्याचं उत्तर, ‘नाव आपण कशावरून देता?’ मी लिहिलं, मी नवरा आहे. तो लिहितो, ‘नवरा हा पुरावा धरत नाही. गेल्या साली तीन नवरे चुकीचे निघाले.’ आता बोला! ‘त्याच व्यक्तीच्या आवाजाचा दुसरा नमुना पाठवावा.’

दुसरा नमुना. म्हणजे आलं का लक्षात? फोन.

तुइरेला म्हटलं, लाव. तिने लावला. खाट, पांढरी चादर, ओर्वोक्की एवढीशी झालेली, कॅमेऱ्यासमोर हात धरते आणि म्हणते, ‘पुरे आता, तुइरे. बंद कर. बाबांना घेऊन घरी जा.’

तुइरे रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो हात मला दिसत होता, पण दुसऱ्या कुणाचा तरी असावा तसा. म्हटलं, पाठव त्याला. मला काय, नुसती नोंद...

उठून कॉफी ठेवली.

दोन दिवसांनी बेंग्टचं उत्तर आलं. ‘दोन्ही नमुने ऐकले. “पुरे आता” हे दोन्हीकडे तंतोतंत सारखं आहे. नोंद मान्य.’ आणि खाली, बऱ्याच जागेनंतर, ‘माफ करा, मी ते अकरा वेळा ऐकलं.’

झालं. बेडकाचा आवाज : ओर्वोक्की कार्ना. बघितलं. पुन्हा बघितलं. बरं दिसतं. म्हटलं, चला, नोंद पूर्ण. मग घड्याळात बघितलं, दुपारचे सव्वातीन. बस नाही, सुट्टी. आणि माझ्या लक्षात आलं, आता मला काही कामच नाही हो! इतके दिवस मी बेडूक शोधत होतो म्हणून कुणी मला विचारत नव्हतं, तू कसा आहेस. आता विचारतील! काय सांगू?

म्हणून सहज, उगाच, बोटाने पान जरा खाली सरकवलं. तर काय, नॉर्वेजियन आवृत्ती. बेडकाचा आवाज : अज्ञात.

आता नॉर्वेतही तळघरं असतीलच ना? आणि तिथेही कुणाची तरी कुणीतरी असेलच. आणि कॅसेटी? सहा आहेत माझ्याकडे. पहिली लावलीये. कॉफी घ्या अजून, बसा. माझं काय हो... मला नुसती नोंद पूर्ण करायचीये.